गॅलरीतला सिग्नलमन

दिनूकाका गेल्याचा काकूचा फोन आला, तेव्हा मी भिलाईच्या सेक्टर ६ च्या बाजारात वांगी निवडत होतो. "काका गेले रे... चहा मांगतला आन् घ्याच्या आधीच गेले," ती म्हणाली. चहा सोडून उठणारा माणूस नव्हता तो, म्हणून मला आधी खरंच वाटेना.

काका स्टील प्लांटमध्ये क्रेनचे सिग्नलमन. तिथल्या आवाजात तोंडाचा उपयोग काय? बोट वर फिरवलं की माल वर, तळवा खाली दाबला की खाली, मूठ मिटली की थांब. ते रिटायर झाले, हात झाले नाहीत. मी क्वार्टरखाली स्कूटर लावायला लागलो की गॅलरीतून 'मागे, अजून मागे' सुरू... आणि शेवटी मूठ.

शालूकाकू कर्णबधिर मुलांची शिक्षिका. धरणाच्या पाण्याने वेढलेल्या एका बेटावरच्या वस्तीत फुलबासन नावाची पोर होती, तिला ऐकू येत नसे. काकू दर रविवारी डोंगीने, म्हणजे छोट्या होडीने, तिला खुणांची भाषा शिकवायला जायची, काका सोबतीला. काकूची पाठ वळली की हे पोरीला क्रेनचे सिग्नल शिकवत.

"तिले काय क्रेनवर ड्युटीले लावून राहिले का?" काकू चिडायची.

पोर हुशार, पण भिलाईच्या शाळेत पाठवायला आई तयार नव्हती. "पानी के ओ पार एकर बात कोन समझही?" पाण्यापलीकडे हिचं बोलणं कोणाला कळणार, हाच तिचा धोशा. काकूनं तिच्यापुढे हात टेकले होते.

मग एकदा शिकवण्याच्या सामानासाठी आम्ही लोखंडी कपाट डोंगीतून नेलं. काठावरची माणसं चारी बाजूंनी ओढायला लागली, डोंगी कलली. डोंगीच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून काका जीव तोडून हातवारे करत होते, पण कपाटाआड ते कोणाला दिसेनात. फुलबासन दगडावर चढली. तिथून तिला काका दिसत होते. तिनं मूठ मिटून उंच धरली, सगळे थबकले. मग काकांचा एकेक सिग्नल ती पुढे देत गेली. वर... हळू... खाली. कपाट काठावर!

तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे मात्र भरलेले. "ले जा दीदी," ती काकूला म्हणाली, "सब झन तो समझ गेन." परतताना काका काकूकडे बघून नुसते मिशीत हसत होते.

फुलबासन आता भिलाईतच, शाळेच्या वसतिगृहात राहते. मला काकांची फार आठवण येते. तेरवीच्या दिवशी क्वार्टरखाली स्कूटर लावताना सवयीनं मान वर गेली. आता तिथं कोण असणार... पण गॅलरीत फुलबासन उभी होती. मागे, अजून मागे... आणि तिनं मूठ मिटली.

मी ब्रेक दाबला.