डॉक्टरांचा पत्ता

पणदऱ्याची उत्कर्षा बारामती एमआयडीसीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं नोकरीला होती. गोठेवाल्यांसाठी मोबाइलचं ॲप बनवायचं आणि चालतं ठेवायचं, हे तिचं काम.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या वरिष्ठ, राजलक्ष्मी मॅडम, यांनी तिला ॲपमागचा पसारा आवरायला सांगितला. दुधाचा हिशेब, जनावरांच्या नोंदी, डॉक्टर बोलावणं, सगळी कामं एकाच क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात, कोंबलेली होती. उत्कर्षानं त्यांचे तीन क्लास केले आणि प्रत्येकाला सर्व्हरवरचा वेगळा पत्ता दिला. पत्त्याची सुरुवात सगळ्यांची एकच, ‘/api’. ती एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली होती आणि आपोआप जोडली जायची; क्लासवर फक्त पुढचा भाग लिहायचा. दोन क्लासना तिनं तसंच केलं. तिसऱ्यावर घाईत अख्खा पत्ता चिकटवला. त्यामुळं डॉक्टरांचा क्लास जाऊन बसला ‘/api/api/doctor’वर, आणि ॲप त्याला शोधत राहिलं ‘/api/doctor’वर.

‘‘तिन्ही तपासलेस ना?’’ संध्याकाळी नवा कोड चालू करण्याआधी मॅडमनी विचारलं.

दोनच तपासले होते. ‘‘हो,’’ उत्कर्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लासुर्ण्याहून हिंदुराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. ‘‘ताई, डॉक्टरचं बटण दाबून दाबून थकलो. ‘सापडलं नाही’ एवढंच येतंय. गाय काल व्यालीय, आता उठंना. मान पोटाकडं वळवून पडलीय.’’

‘‘तात्या, फोन ठेवू नका.’’

दुसऱ्या फोनवरून तिनं जनावरांचे डॉक्टर रविराज यांना गाठलं. ते लासुर्ण्याजवळ सणसरलाच होते. ‘‘कॅल्शियम कमी पडलंय. मी निघालो. गाय कुशीवर पडू देऊ नका म्हणावं, पोत्यांचा टेका द्या, आणि तोंडानं काही पाजू नका.’’ तिनं ते जसंच्या तसं सांगितलं.

मग तिनं पत्त्यातला जादा ‘/api’ खोडला. मिनिटाचंही काम नव्हतं. दुपारपर्यंत गाय उभी राहिली.

पण सर्व्हरवरच्या नोंदीत हिंदुरावांखेरीज आणखी चौघांची नावं होती. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी डॉक्टर मागितला होता. तिनं चौघांनाही फोन लावले. तिघांचं निभावलं होतं. कळसच्या लीलाबाईंची म्हैस पहाटे मेली होती.

उत्कर्षा मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. ‘‘मी काल खोटं बोलले. तिसरा तपासला नव्हता.’’

‘‘कळसला आपण दोघी जाऊ,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण सांगायचं तू.’’

लीलाबाईंनी अंगणात उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं.

‘‘डॉक्टर आला आस्ता तर जगली आस्ती का?’’

‘‘माहीत न्हाय, मावशी.’’

‘‘आमालाबी न्हाय म्हाईत,’’ लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं नाही. गोठ्यात रेडकू ओरडत होतं; त्या तिकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा वेळेवर कामावर आली आणि तिन्ही क्लासचे पत्ते तिनं मॅडमना शेजारी बसवून पुन्हा एकदा तपासले.