आधी माझ्या हातावर

“हात पुढं कर,” बाई म्हणाल्या. मी केला. त्यांनी मनगटाच्या वर ब्लीच थापलं आणि खुर्चीत बसलेल्या साहेबीणबाईंना म्हणाल्या, “हिच्यावर बघू आधी. यांचं कातडं जाड असतं.”

यांचं म्हणजे कुणाचं, ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. साहेबीणबाई हसल्या. मी मान खाली घातली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्या बायका आल्या आणि त्यांच्यासाठी बाईंनी ओसरीत पार्लर काढलं. आम्ही बिलोलीकडचे, बौद्ध. दुष्काळात शेतातली मजुरी संपली म्हणून आई मला घेऊन इकडं आली. ती खडी फोडायला जायची, मी पार्लरात. मुलतानी माती चाळायची, गुलाबपाण्यात ग्लिसरीन मिसळायचं, ब्लीच कालवायचं, सगळं माझ्या हातचं. फक्त गिऱ्हाइकाच्या तोंडाला हात लावायचा नाही.

ब्लीचमध्ये अमोनिया असतो, पेरॉक्साइड असतं. वासानंच डोळ्यांना पाणी येतं. चेहऱ्यावरची लव त्यानं सोनेरी होते, बाई उजळ दिसते. जास्त झालं की कातडं जळतं. गिऱ्हाइकाला चुणचुणलं की तांब्याभर गार पाणी. मला कोरडं फडकं. टँकर आला नाही अन् हिचे कसले लाड, असं बाई म्हणायच्या. माझ्या हातावर पांढरे चट्टे उठले. संताप यायचा, तो गिळायचे. काम सोडून जायचं कुठं? गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि आईचे हात आधीच फुटलेले.

एक चट्टा चिघळला तेव्हा आईनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि त्या चिडल्याच.

“अगं, ज्याला लावायचं त्याच्याच कानामागं आधी लावून बघतात. एकाला सोसलं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही. तुझ्या हातावरनं त्या बाईच्या तोंडाचं काय कळणार?”

म्हणजे माझं इतकं जळणं कुणाच्या उपयोगाचंसुद्धा नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले.

“उद्या नको जाऊ,” आई म्हणाली.

“जाणार हाय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबीणबाईंना लग्नाला जायचं होतं. जरा कडक कालव, म्हणाल्या. मी कालवलं. बाईंनी नेहमीसारखं हात पुढं करायला सांगितलं.

“न्हाई करत,” मी म्हणाले. “ज्यांना लावायचंय त्यांच्याच कानामागं लावून बघा.”

बाईंचा आवाज चढला. तुमच्यासारख्यांना दारात घेतलं हीच चूक झाली, म्हणाल्या. साहेबीणबाईंनी हळूच कानावर पदर ओढून घेतला. मी वाटी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले.

दुष्काळ हटला नव्हता. आईशेजारी खडी फोडायला बसले. उन्हात चट्टे भाजून निघायचे. तरी सांगते, उपाशी राहीन, जन्मभर दगड फोडीन, पण दुसऱ्याचं तोंड उजळावं म्हणून माझं कातडं पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. माझ्या लेकीचंही नाही.