इत्सेलचा कान आणि ओबदुलियाचा अर्ज

अमेरिकेतल्या ऑक्सनार्डच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत ओबदुलियासारखा झपझप हात कोणाचा चालत नसे. मेक्सिकोहून येऊन तिला चौदा वर्षं झाली होती. नवरा फिदेन्सिओला कायम राहण्याचं कार्ड मिळालं होतं, तिचा अर्ज मात्र कचेरीत पडून होता. नऊ वर्षांची इत्सेल इथेच जन्मलेली, म्हणजे जन्मतःच इथली नागरिक. तिच्या नावावर घरात सरकारी मदतीचं दूध-धान्य यायचं आणि दवाखाना फुकट होता.

एकदा कपडे धुण्याच्या दुकानात शेजारची चायो तिच्या कानाशी लागली. "सरकारचं दूध घेतेस ना? साहेब म्हणेल, ही बाई आमच्यावर ओझं होणार. अर्ज गेलाच समज."

"कोण म्हणालं?"

"वकील."

"तुला भेटला?"

"त्याचा ड्रायव्हर भेटला."

ड्रायव्हर म्हणजे जवळजवळ वकीलच. दुसऱ्याच दिवशी ओबदुलिया मदत बंद करायला गेली. खिडकीतल्या बाईंनी तीन कप्पे उपसले. "मागायचे अर्ज ढिगानं आहेत. सोडायचा कोणी मागितलाच नाही हो. कारण काय लिहू?"

"भूक संपली म्हणून लिहा."

त्या दिवसापासून ओबदुलियानं फुकटाचा धसकाच घेतला. चर्चमधली सर्दीतापाची लस नको, वाचनालयाची पुस्तकं नकोत. शाळेतलं जेवण बंद करून ती इत्सेलला घेवड्याची उसळ आणि मक्याच्या पोळ्या बांधून देऊ लागली.

शिक्षिका म्हणाल्या, "अहो, इथे सगळ्याच मुलांना जेवण मिळतं. डॉक्टरांच्या मुलीलासुद्धा."

"डॉक्टरांच्या मुलीच्या आईचा अर्ज कुठे अडकलाय?"

हिवाळ्यात इत्सेलचा कान ठणकू लागला. फिदेन्सिओ म्हणाला, "दवाखान्यात नेऊ या गं."

"अर्जाची मुलाखत तोंडावर आलीय. जरा कळ काढ." ओबदुलियानं कोमट तेल घातलं. कान वाहू लागला, मग दुखायचा थांबला. तिला वाटलं, बरा झाला. पण पोर हाक मारली की भलत्याच बाजूला वळून बघायची.

मुलाखतीत साहेबांनी फिदेन्सिओच्या पगाराचे कागद चाळले आणि मान डोलावली. ओबदुलियाला राहवेना. "साहेब, आम्ही सरकारचा एक दाणा खाल्ला नाही. मुलीचा दवाखानासुद्धा सोडला."

साहेबांनी चष्मा काढला. "मुलीचा? तो तर आम्ही हिशेबात धरतच नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

"नियमात."

"तो बघायला मिळेल?"

"मिळेल की. पण तो बदलायचं चाललंय, तेव्हा आता वाचून उपयोग नाही."

अर्ज मंजूर झाला. साहेबांनी अभिनंदन केलं, फिदेन्सिओनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ओबदुलिया मात्र घरी न जाता थेट शाळेत गेली आणि इत्सेलला घेऊन दवाखान्यात बसली.

डॉक्टरबाईंनी कानात बघितलं. "पडदा फाटलाय. भरून येईल, पण वेळ लागेल. इतके दिवस काय करत होतात?"

ओबदुलियानं तोंड उघडलं. आपण काय काय केलं, ते ओळीनं आठवलं. त्यातलं एकही बाईंना सांगण्याजोगं नव्हतं.

"घाबरले होते," ती म्हणाली.

"कानाला?"

"नाही," म्हणून ती इत्सेलच्या वेण्या नीट करत बसली.