शून्य रेडॉनचं पाणी

चहा घेताय ना? मग माझीच फजिती ऐका. सांगून सांगून दमलोय, पण लोक सोडत नाहीत.

मंचरच्या बाजारात माझा कांद्याचा व्यापार, घर महाळुंगे पडवळला. एकदा पुण्याच्या कॉलेजातल्या मॅडम काचेची बाटली घेऊन दारात.

"काका, खडकातला रेडॉन वायू बोअरच्या पाण्यात उतरतो. दिसत नाही, वास नाही. जास्त असला तर तब्येतीला वाईट. नमुना हवाय."

नेमकी लाईट गेलेली. "लाईट आली की थेट नळाखाली काठोकाठ भरा, लगेच बूच लावा," म्हणून त्या पुढं गेल्या.

आता मला सांगा, नमुना म्हटल्यावर कांदेवाल्याला काय सुचणार? हाताला येईल तो कांदा कोण दाखवतं? निवडून, पुसूनच दाखवायचा. मी पाणी उकळलं, फडक्यातनं दोनदा गाळलं, गार केलं अन् भरलं.

मॅडमचा फोन आला. "काका, शून्य आलंय. थेट बोअरचंच होतं ना?"

"एकदम ताजं, मॅडम."

उकळल्यावर तो वायू उडून जातो, हे मला कुठं ठाऊक?

पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. शेजारच्या शकीलभाईंचं पाणी मर्यादेत, माझं शून्य. दुसऱ्या दिवशी दारात रांग, पहिले शकीलभाईच.

"शेठ, लई भारी पाणी राव. आता घरात हेच पेणार."

आतून बायको म्हणाली, "अहो, पण बाटलीत तर उकळलेलं होतं. आपलं पाणी खरं कसंय?"

"ठाऊक नाही."

"मग नातवाला काय पाजू?"

झालं. मी गुपचूप शकीलभाईंच्या नळावरनं कॅन भरायला लागलो. ते माझं पाणी नेतायत, मी त्यांचं आणतोय, कोपऱ्यावर रोज रामराम. आठ दिवसांत गुडघे गेले. नवव्या दिवशी त्यांनी अडवलंच.

"शेठ, तुमी कुटनं आणता?"

"तुमच्याकडनं."

त्यांनी कॅन खाली ठेवला. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी आख्खी आळी काय पितीय, तुमालाच म्हाईत न्हाई?"

तिथूनच मॅडमना फोन लावला, रांगेलाही सांगितलं. या वेळी बाटली बायकोनं भरली. मला ओट्यावर बसवून ठेवलेलं, नळाला हात लावायचा नाही.

निकाल आला. शकीलभाईंसारखंच, मर्यादेत. पहिल्यापासून चांगलंच होतं.

शकीलभाईंनी यादी वाचली, माझ्याकडं बघितलं.

"शेठ, खराब माल झाकणारं बाजारात लई बगितलं. चांगला माल झाकणारं तुमीच पयलं."