शालीत गुंडाळलेली बाटली

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीत जरा कळायला लागलं होतं, तेवढ्यात शाळा सुटली. अक्षर तर इतकं वाईट आहे की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधी माफी मागून घेते. कोरं पान उघडलं की कुणीतरी समोर बसून बघत आहे असं मला वाटतं, आणि समोर माणूस असलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

मी बदनापूरला एका दवाखान्यात झाडलोट करते. डॉक्टरसाहेब जालन्याहून रोज येतात. सकाळी कुलूप मी उघडते. फरशी पुसते, बाकडी पुसते, आणि गेली दोन वर्षं काचेची पेटीही पुसते.

ही पेटी पेशंट बसतात त्या खोलीत आहे. माशांची. बाकीच्यांकडं असते तशी प्लास्टिकची झाडं साहेबांना नको होती. त्यांना पाण्याखाली खरी बाग पाहिजे होती. संभाजीनगरहून त्यांनी झाडं आणली. एक लाल पानांचं, एक हरळीसारखं खाली पसरणारं, दोन उंच. पहिले पंधरा दिवस पेशंट आजार विसरून तिकडंच बघत बसायचे. मग पानं पिवळी पडली.

जालन्याचा मासेवाला म्हणाला, ह्या झाडांना गॅस लागतो, सोड्याच्या बाटलीत असतो तो. त्याचा सिलिंडर मिळतो. किंमत ऐकून साहेबांनी सिलिंडरचा विषय सोडला. दोन दिवसांनी ते मोबाईलवर काहीतरी बघून आले, आणि कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घेऊन आले.

तेव्हा सोपं वाटलं होतं. बाटलीत कोमट पाणी, दोन वाट्या साखर, पाव बनवतात त्यातलं चमचाभर यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. झाकणाला भोक पाडून त्यात सलाईनची नळी बसवायची आणि दुसरं टोक पेटीत सोडायचं. टोकाला बारीक छिद्रांचा दगड, त्यातून बुडबुडे. सगळं मिळून शंभराच्या आत. साहेब इतके खुश झाले की त्यांनी दोन पेशंटना बोलावून दाखवलं.

पहिली बाटली त्यांनी भरली. दुसरी भरताना म्हणाले, "मावशी, तुम्ही बघा ना जरा. तुमचा हात घरचा आहे." तिथून पुढं बाटली माझी झाली.

दहा-बारा दिवसांनी साखर संपायची. मग जुनं ओतायचं, बाटली धुवायची, नवीन भरायची. पहिल्या दोन दिवसांत बुडबुडे सारखे सुटायचे, मग कमी कमी होत जायचे, आणि शेवटी मिनिटाला एक. झाडांना एक दिवस जेवण आणि दुसऱ्या दिवशी उपास. त्यातून पानांच्या कडांवर काळं, केसांसारखं शेवाळ धरलं. ते मी जुन्या ब्रशनं घासायची. घासलं की चार दिवसांनी परत.

पहिली मोठी चूक मी पहिल्याच महिन्यात केली. सलाईनच्या नळीला एक छोटं चाक असतं. पेशंट उठून गेला की ते चाक फिरवून नळी बंद करतात, हे मी रोज बघते. मला वाटलं, संध्याकाळी दवाखाना बंद होतो, दिवे बंद होतात, तर हेही बंद केलेलं बरं. मी चाक फिरवलं आणि घरी गेले.

सकाळी कुलूप काढलं तर आंबूस वास. झाकण कोपऱ्यात पडलेलं, आणि भिंतीवर, कॅलेंडरवर, वजनाच्या काट्यावर पांढरा चिकट रेंदा. मुंग्या रांगेनं लागलेल्या. कंपाउंडर काका आले. साठीचे आहेत, साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून इथंच. दारात उभं राहून त्यांनी सगळीकडं बघितलं.

"काय बाई, बाटलीला उलटी झाली का?"

मी खाली मान घालून पुसत राहिले. साहेबांना सांगायला काकाच गेले. साहेब म्हणाले, ती नळी कधीच बंद करायची नाही, गॅसला जायला वाट पाहिजे. म्हणजे रात्रभरही तो चालूच. अंधारात झाडं तो गॅस घेत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. मग रात्रीचा गॅस कुणासाठी, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

दवाखान्यात पाणी गरम करायची सोय नव्हती, म्हणून बाटली मी घरी भरायला लागले. त्यातून दुसरंच सुरू झालं. सासूबाई अंगणात बसतात. त्यांचं नाक तिखट.

"अगं, काय गाळून राह्यली तू घरात?"

"दवाखान्याचं आहे, आत्याबाई. माशांच्या झाडांसाठी."

"झाडांना दारू पाजून राह्यला का तुझा डॉक्टर?"

तेवढ्यात शेजारची भिंतीवरून डोकावली. "मामी, कालपासून वास यून राह्यला तुमच्याकडून. मी म्हटलं, भावजींनी घरीच भट्टी लावली की काय. जल्दी सांगा, आमचे हे गिऱ्हाईक आहेत तयार!"

दोघी खूप हसल्या. मी आत जाऊन बाटलीवर झाकण घट्ट बसवलं, मग स्फोट आठवला आणि सैल केलं. दवाखान्यात नेताना पिशवीत वरून साडी घालून न्यायची मी. नवरा सळईच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. तो म्हणाला, एवढं करतेस तर त्याचे वेगळे पैसे माग. तोही मला ओळखतो, म्हणून हसतच म्हणाला.

असं वर्ष गेलं. मी थकले होते. फरशीचा थकवा घरी येऊन झोपलं की उतरतो, ह्याचा उतरत नव्हता. रविवारीही डोक्यात बाटली असायची.

मग थंडी पडली. थंडीत यीस्ट गारठतं. नवीन भरलेल्या बाटलीतूनही बुडबुडे येईनात. एका शनिवारी जाताना साहेब पेटीपाशी थांबले.

"मावशी, बंद पडलं वाटतं. झाडं परत पिवळी पडतील. एवढा खर्चा केला आपण. बघा जरा काही."

मी बघितलं. मला जेवढं येतं तेवढं केलं. थंडीत दही लागत नाही तेव्हा आपण काय करतो? विरजण जरा जास्त घालतो, भांडं कापडात गुंडाळतो आणि ऊब असेल तिथं ठेवतो. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं, मीही तेच करते. मी यीस्ट दोन चमचे घातलं. अंगावरची शाल काढून बाटलीला तीन वेढे दिले आणि ती इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या पेटीवर ठेवली, तिथं कायम गरम असतं. फरशी पुसून होईपर्यंत बुडबुडे सुरू झाले. मला बरं वाटलं. घरी जाताना थंडी वाजत होती, तरी बरं वाटलं.

रविवारी दवाखाना बंद.

सोमवारी सकाळी मी दिवा लावला. झाडं इतकी सुंदर मी कधी बघितली नव्हती. लाल पान अगदी कुंकवासारखं. आणि मासे वर तरंगत होते. तीन अजून जिवंत होते, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. बाकी अकरा आडवे. त्यात ते दोन चपटे, लांब परांचे, ज्यांनी दिवाळीत अंडी घातली होती. साहेब त्यांना सगळ्यात जपायचे.

शालीला हात लावला. बाटली ताप आलेल्या अंगासारखी गरम होती आणि नळीतून बुडबुड्यांची एकच धार लागली होती.

मी शाल सोडली आणि खांद्यावर घेतली. बाटली खाली, नेहमीच्या जागी ठेवली. हे मी कुणी यायच्या आधी केलं. ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण हात चुकलाही नाही.

साहेब आले तेव्हा काका सुईच्या डब्या लावत होते. साहेबांनी पेटी बघितली, मग हवेत वास घेतला.

"काका, शनिवारी डासांचा फवारा मारला होता?"

"मारला ना साहेब. पण पेटीवर कपडा टाकूनच मारला. दरवेळी टाकतो."

"दरवेळी मासे मेले नव्हते."

"साहेब, बिलकुल कपडा होता. ह्या बाईला विचारा."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी पोछा पिळत होते. कपडा होता, मी स्वतः पाहिला होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. मानही हलली नाही. साहेबांनी वाट बघितली, मग म्हणाले, "नवीन माशांचे पंधराशे तुमच्या पगारातून जातील, काका. वाईट वाटून घेऊ नका. सवय लागली पाहिजे."

माझ्या खांद्यावरच्या शालीला पावासारखा वास येत होता. तो इतक्या जवळ असून कुणाला आला नाही.

त्याच आठवड्यात मासेवाला नवे मासे घेऊन आला. साहेब आत पेशंट तपासत होते, काका मेडिकलला गेले होते. त्यानं बाटली हलवून बघितली.

"ताई, ही कुणी गरम जागेत ठेवली होती का?"

मी बाकडं पुसत राहिले.

"हे असलंच असतं बघा बाटलीचं. थंडीत झोपतं, गरमीत पिसाळतं. सिलिंडरला चावी तरी असते. हिला थांब म्हणता येत न्हाई. गॅस जास्त झाला की मासा पाण्यात असून गुदमरतो." मग पेटीत वाकून म्हणाला, "तशी दगडाला बांधायची झाडं मिळतात. हळू वाढतात, पण त्यांना गॅसबिस काही लागत न्हाई. मी साहेबांना आधीच म्हटलं होतं."

मनात शंका होतीच. आता खात्री झाली.

पगाराच्या दिवशी काकांनी पाकीट उघडून बघितलं आणि परत मिटलं. "चला," ते म्हणाले, "माशांचं तेरावं माझ्या खर्चानं झालं. बुंदी तेवढी राहिली." आणि हसले. त्यांची बायको शुगरची आहे, गोळ्यांना किती जातात ते मला माहीत होतं. त्या दिवशी घरी मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "कुणी बोललं का?" कुणीच बोललं नव्हतं, तेच तर झालं होतं.

तोंडानं सांगता येणार नाही हे मला कळलं होतं. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि केराची टोपली उचलून परत आले. मग मी लिहिलं. औषधाच्या कंपनीच्या कागदाच्या पाठीमागं. शाळा सुटल्यापासून कुणाला लिहिलेलं पहिलंच. चार ओळींना माझी पूर्ण दुपार गेली.

"साहेब, काकांच्या फवाऱ्यानं मासे मेले नाहीत. त्यांनी कपडा टाकला होता. थंडी होती म्हणून मी बाटली शालीत गुंडाळून बॅटरीवर ठेवली. शाल मीच काढून घेतली. चूक माझी आहे."

बीपीच्या मशीनखाली ठेवलं. तासाभरानं साहेबांनी हाक मारली.

"मावशी, हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मग तोंडानं सांगायचं ना."

"येत न्हाई सांगता."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "बाटलीची अक्कल माझी. तुम्ही कशाला..." आणि तिथंच थांबले. बाहेर येऊन त्यांनी नळी ओढून काढली, बाटली मोरीत ओतली. काकांच्या हातात माझा कागद देऊन म्हणाले, "काका, तुमची चूक नव्हती." काका बरं म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात दगडाला बांधलेली ती हळू वाढणारी झाडं आली. आता मला फक्त पाणी बदलावं लागतं.

पण पंधराशे रुपयांचं साहेब काही बोलले नाहीत. विसरले असतील, नवे मासे तर त्यातूनच आले होते. काकांनीही मागितले नाहीत. आणि मला दुसरी चिठ्ठी लिहायची ताकद नव्हती, एकीतच सगळी संपली होती.

पुढच्या पगाराला मी अडीचशे रुपये काकांच्या चहाच्या बशीखाली ठेवले.

"हे काय?"

"तुमचे कापलेले."

"साहेबांनी दिले?"

"न्हाई. माझे."

"येडी झाली का तू? उचल ते." त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. मी फडकं घेऊन आतल्या खोलीत गेले आणि ते घरी जाईपर्यंत बाहेर आले नाही. नंतर बघितलं तर बशी रिकामी होती.

मग दर महिन्याला तसंच. काका म्हणायचे, "आला का माझा माशांचा हप्ता?" कधी म्हणायचे, "बाई, एवढ्यात तर मी समुद्र घेतला असता." एक महिना सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळं चुकला. तेव्हा काकांनी काही म्हटलं नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

शेवटचे अडीचशे मी परवा दिले. ह्यावेळी बशीखाली ठेवले नाहीत, हातात दिले. काकांनी नोटा शर्टाच्या खिशात घातल्या आणि वरून खिसा दाबला.

"बराबर पंधराशे झाले," ते म्हणाले. "आता फिटले."

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू गेलं.