पिक्चरमधली फुंकर आणि माझी नणंद

माझी नणंद माणसांना मारायची. हे आधीच सांगून टाकते, कारण तिचा विषय निघाला की लोक 'करारी', 'शिस्तीची' असले शब्द पुढे करतात. करारी कसली? हात उचलायची. शाळेत एका मुलीचा दात पाडला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या पाठीत कलथा घातला. तो म्हणायचा, तेव्हापासूनच माझा जीव जडला. पुढे ती वाइनरीच्या तळघरात कामाला लागली आणि तिच्या हाताला जणू पगारच सुरू झाला.

त्याच वाइनरीत मी वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत. केमिस्ट्रीची पदवी, पांढरा कोट, द्राक्षाच्या रसातली साखर मोजायची. ती खाली, सिमेंटच्या टाक्यांवर. टाक्या दीड पुरुष खोल, तोंडं उघडी, कडेने उभं राहायला फळ्यांचा माचा. रस आंबून वाइन झाली की ती नळाने काढून घेतात आणि तळाशी सालं-बिया उरतात. तो चोथा. माणसाने आत उतरून दाताळ्याने ओढून काढायचा. पण चोथा गप्प बसत नाही. तो आंबतच राहतो आणि गॅस सोडत राहतो. हवेपेक्षा जड असलेला हा गॅस दिसत नाही, टाकीत पाण्यासारखा भरून बसतो. आत उतरलेला माणूस ओरडतसुद्धा नाही. गुडघे दुमडतात, संपलं.

म्हणून तळघराची एक रीत होती. पेटती मेणबत्ती दोरीला बांधून टाकीत सोडायची. उतरणाऱ्याने विचारायचं, "मेणबत्ती?" दोरी धरणाऱ्याने तळाकडे बघून सांगायचं, "जळतेय." हे उत्तर आल्याशिवाय पाय टाकायचा नाही. विझली तर पंखा लावायचा आणि मुकाट्याने बसायचं.

नणंदेचा नवराही तिथेच कामाला. एकदा त्याची टोपी टाकीत पडली. नवी होती. "हा आलो" म्हणाला आणि मेणबत्ती न सोडताच शिडी उतरला. नणंदेने वरून दाताळं त्याच्या पट्ट्यात अडकवून त्याला ओढून काढला. दात रुतून त्याची पाठ फाटली होती, पण तो केव्हाच गेलेला. तरी ती त्याच्या थोबाडीत मारत राहिली, "ऊठ, ऊठ मेल्या" म्हणत. मी तिचे हात धरायला गेले तर एक मलाही बसली. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं.

त्यानंतर मेणबत्तीशिवाय कोणी टाकीवर वाकला की त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. नवा कामगार असो, मुकादम असो. एकदा खुद्द मालक वाकला. गाल चोळत म्हणाला, "बाई, मी मालक आहे."

"मग? मालकांना वेगळा गॅस असतो?"

तिला कामावरून काढायचं धाडस त्याला झालं नाही. तिने हे सुरू केल्यापासून त्या तळघरात एकही माणूस मेला नव्हता.

तिला एकच लेक, माझी भाची; नवरा गेल्यापासून दोघी आमच्याच घरी. ती मोठी होऊन वरच्या काउंटरवर उभी राहायला लागली, आलेल्या पाहुण्यांना चवीपुरती वाइन ओतायची आणि गोड हसायची. हसणं बापाचं, हट्ट आईचा. वाइनरीचा ट्रक चालवणाऱ्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. मनाने चांगला, पण कोणी 'नको' म्हटलं की तेच करणारा.

अशात एक पिक्चरवाली टोळी आली. हंगाम नव्हता, टाक्या धुऊन कोरड्या ठेवलेल्या. गोष्ट ठरीव ठशाची: शहरातली नखरेल मुलगी, द्राक्षमळ्यातला अवखळ पोरगा, आधी भांडणं, मग प्रेम, मधे विनोद. त्यांचा लेखक संध्याकाळभर काउंटरला कोपर टेकून बसायचा आणि भाचीशी गप्पा मारायचा.

पिक्चर आमच्या सभागृहात दाखवला तेव्हा झाडून सगळे आले. आपली गल्ली, आपली भिंत पडद्यावर पाहून माणसं लहान मुलांसारखी ओरडत होती. मग ती टाकी आली. हीरोच्या हातून अंगठी टाकीत पडते. तो माचावरून वाकतो. तेवढ्यात केस पिंजारलेली एक म्हातारी हातात मेणबत्ती घेऊन "मेणबत्ती! मेणबत्ती!" करत धावत येते. हीरो वळतो, तिच्याकडे बघून डोळा मारतो, फू करून मेणबत्ती विझवतो आणि टाकीत उडी घेतो. पाठोपाठ हिरॉइन. चोथ्यात लोळून चुंबन. म्हातारी घसरून ढुंगणावर आपटते.

सभागृह हसून लोळलं.

नणंद उठली, बसलेली खुर्ची उचलली आणि पडद्यावर फेकली. हीरोच्या नाकापासून कानापर्यंत पडदा टरकन फाटला. दिवे लागले.

"अहो, जरा गावाचं नाव झालं होतं, ते या बाईला बघवेना!" न्हावी ओरडला.

"नाव?" मळ्यात छाटणी करणारी बाई त्याच्या मागेच बसली होती. "फुलोऱ्याच्या दिवसांत पिकलेले घड दाखवलेत. तारेने बांधलेत मेल्यांनी, तार दिसत होती!"

"प्रेम बघायचं का तार बघायची?"

"तुला दोन्ही दिसत नाहीत, म्हणून तर लोकांचे कान कापतोस."

न्हाव्याने तिचा अंबाडा धरला. तिने पिशवी त्याच्या तोंडावर हाणली. पिशवीत छाटणीची कात्री होती. भुवई फुटून रक्त शर्टावर आलं आणि मग कोण कुणाला मारतोय याला काही धरबंध राहिला नाही. गोड पिक्चर म्हणणारे एका बाजूला, थट्टा केली म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांना मत नव्हतं त्यांनी जुने हिशेब काढले. शाळेतले मास्तर पायाखाली चष्मा शोधत होते, त्यांच्या बोटांवर कोणी तरी उभं राहिलं.

ट्रकवाला मधे पडला. "सासूबाई, पिक्चर आहे हो. पिक्चरला कोण मारतं?"

नणंदेने त्याच्या तोंडावर पंजा मारला. ओठ फाटला. तो रक्त थुंकून सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याच टाकीत उतरले होते ना ते दोघं? मेले?"

"टाकी कोरडी होती तेव्हा," मी म्हणाले. "चोथा म्हणून बाहेरून भुसा रंगवून आणला होता."

"झाली वहिनींची केमिस्ट्री सुरू!" मागून कोणी तरी ओरडलं. लोक हसले आणि तो चेकाळला. भाचीचा हात धरून म्हणाला, "हंगामात, खऱ्या चोथ्यात, हिला घेऊन उडी मारून दाखवतो. फोटो काढा सगळ्यांनी."

घरी आल्यावर नणंदेने कडी लावली आणि लेकीला विचारलं, "त्या लेखकाला तू सांगितलंस?"

"हो."

थप्पड.

"टोपीचं सांगितलंस?"

"सांगितलं. त्याने अंगठी केली."

दुसरी थप्पड, पहिलीपेक्षा जोराची. भाचीचं डोकं दारावर आदळलं. ती रडली नाही. गाल लाल, आवाज थंड. "मार. मी तो पिक्चर रोज बघणार आहे, आई. त्यात तो माणूस वर येतो. अंगभर चोथा लागलेला, हातात अंगठी, हसत हसत वर येतो. माझे बाबा आले का कधी? मला ते बघायचंय. तुला लोकांचं हसणं ऐकू आलं, मला त्याचं वर येणं दिसलं."

नणंदेचा हात वर गेलेला होता. तो तसाच रिकामा खाली आला. त्या हाताला असं खाली येताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तो उन्हाळा मारामारीतच गेला. शिंप्याने पडदा शिवून दिला, पण शिवण जाड. पिक्चर पुन्हा दाखवायचे तेव्हा हीरोच्या नाकावर टाके दिसायचे. एक पक्ष त्यावर हसायचा, दुसरा पक्ष हसणाऱ्यांना बाहेर गाठायचा. भाची प्रत्येक खेळाला जायची. मालक मात्र खूष. पाहुणे येऊन "ती चुंबनाची टाकी कुठे?" विचारायला लागले. त्याने तशी पाटीच लावली. नणंदेच्या होणाऱ्या जावयाने हंगामात उडी मारली तर मालकाची फुकट जाहिरात होणार होती.

हंगाम आला. त्या टाकीतली वाइन काढली, चोथा तळाशी राहिला. माचावर पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं. सगळ्यांचे मोबाइल वर. मी मालकाला म्हणाले, "निदान दुपारपर्यंत पंखा चालू द्या."

"पंख्याचा आवाज व्हिडिओत येतो हो, मॅडम." त्याने स्वतः जाऊन पंखा बंद केला.

ट्रकवाला पांढरा शर्ट घालून टाकीच्या काठावर बसला. एक पाय आत सोडलेला, एका हाताने काठ धरलेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून भाची मागे उभी, पाठोपाठ उडी मारायला.

गर्दी ढकलत नणंद आली. एका हातात दाताळं, दुसऱ्या हातात दोरीला बांधलेली पेटती मेणबत्ती.

"मेणबत्ती?" तिने विचारलं.

लोक खिदळायला लागले. हुबेहूब पिक्चरसारखंच झालं होतं ना! ट्रकवाल्याने वळून तिच्याकडे पाहिलं, डोळा मारला आणि फू केलं.

मेणबत्ती विझली. हशाचा भडका उडाला. आणि त्या हशातच नणंदेने दाताळ्याचा दांडा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या काठ धरलेल्या हातावर घातला. छाटणीच्या कात्रीत जाड खोड सापडल्यावर होतो तसा आवाज झाला. तो आतल्या बाजूला कलंडला. तिने त्याच्या केसांत मूठ घालून त्याला मागे, माचावर खेचला आणि दुसरा घाव नडगीवर घातला, पुन्हा उभा राहू नये म्हणून. कोपरातून हाड पांढरं वर आलं होतं. शर्टाची बाही लाल होत गेली. तो गुरासारखा ओरडत होता.

भाचीने आईवर झेप घेतली. गुद्दे घातले, नखं मारली, मनगटाला असा चावा घेतला की कातडं सुटलं. नणंदेने एकही परत केला नाही. उभी राहून खाल्ले सगळे.

"वेडी आहेस तू! काही नव्हतं आत! काहीच नव्हतं!" भाची किंचाळली. मेणबत्ती हिसकावून घेतली, कोणाच्या तरी लायटरवर पेटवली आणि आम्हा सगळ्यांना दाखवायला टाकीत सोडली.

सगळे वाकून बघत होते. ज्योत काठाच्या जेमतेम खाली गेली, बारीक झाली आणि खालून कोणी तरी फुंकर मारावी तशी गेली.

तिने वर ओढली. पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा गेली.

"वारा असेल," न्हावी म्हणाला.

"तळघरात वारा?" छाटणीवाली म्हणाली. "वारा तुझ्या डोक्यात आहे."

आणि दोघं तिथेच, त्या जखमी पोराच्या पायाशी, पुन्हा एकमेकांच्या अंगावर गेले.

पोलिसात तक्रार झाली. ती मालकानेच मिटवली, कारण पंखा कोणी बंद केला हा प्रश्न निघाला असता. चुंबनाच्या टाकीची पाटी गुपचूप उतरली. आता गावात पिक्चरऐवजी नणंदेवरून दोन पक्ष. जावयाला अधू केलं म्हणणारे आणि दोघांना वाचवलं म्हणणारे. रस्त्यात मला अडवून विचारायचे, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं मत काय?" हाड मोडलं होतं आणि माणूस जिवंत होता. यात मत कसलं द्यायचं?

लग्न झालं. आईला बोलावलं नाही. मी गेले. घरी आले तेव्हा नणंद ओट्याशी बसून दाताळ्याचा दांडा घट्ट करत होती. वर न बघता तिने विचारलं, "त्याचा हात सरळ झाला?"

"नाही. कोपरात वाकडाच राहणार. सही डाव्या हाताने केली."

"पण केली ना?"

"केली."

"मग झालं," म्हणाली आणि पाचर ठोकायला लागली. हातोडी अंगठ्यावर बसली तरी थांबली नाही. नख काळं पडलं.

भाचीने तिच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसली की पलीकडून जायची. सभागृहातही ती पुन्हा गेली नाही. पिक्चर लागला की तिची खुर्ची रिकामी. न्हावी ती मुद्दाम बोटाने दाखवायचा.

पुढच्या हंगामात मी रसाचा नमुना घ्यायला बाटली घेऊन तळघरात उतरले. नणंद माचावर बसून टाकीत दोरी सोडत होती. जिन्यावर रबरी बुटांचा आवाज आला. भाची. काउंटरवरचा एप्रन काढून ठेवलेला, हातात दाताळं, केस कोंबून डोक्यावर टोपी. मुकादमाने काही सांगितलं नव्हतं. त्याचाही आ वासलेला होता. ती सरळ टाकीपाशी आली. आईकडे न बघता, काठाकडे बघत म्हणाली,

"मेणबत्ती?"

नणंद बराच वेळ वाकून बघत राहिली. एवढा वेळ कधी लागत नाही.

"जळतेय."

भाचीने शिडीवर पाय ठेवला. तोच नणंदेचा पंजा असा आला की टोपी उडून माचाच्या दुसऱ्या टोकाला पडली.

"टोपी वर ठेवायची."

भाचीने डोकं चोळलं, टोपीकडे पाहिलं आणि बोडक्या डोक्याने खाली उतरली. दोरी दोन्ही मुठींत धरून नणंद तळाकडे बघत बसली. मी बाटली भरली आणि वर गेले. साखर मोजायची होती.