लेकीच्या घरचं जेवण

माझ्या माहेरच्या घरामागून जी वाहते ती कागदोपत्री नदी आहे. आम्ही तिला जन्मभर नालाच म्हणत आलो. त्या पावसाळ्याच्या शेवटी एका पहाटे तिनं आपण कोण आहोत ते दाखवून दिलं. आईबाबा आधी पलंगावर चढले, मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले. पाणी ओसरल्यावर खाली आले तर घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा पडलेला, गाद्या फुगलेल्या. मी त्यांची एकुलती एक. त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती, म्हणून त्याच दुपारी मी आणि माझा नवरा त्यांना कोराडीला आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. नवरा तिथल्या वीज केंद्रात आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं एक व्हरांडा, आणि रोज पुसला तरी रोज बसणारा राखेचा थर, एवढा आमचा संसार.

त्या दिवशी मी पिठलं-भात केला. बाबा म्हणाले, भूक नाही. आई म्हणाली, तिलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा बसनं इतवारीच्या बाजारात गेले आणि एक छोटी गॅसची शेगडी, दोन पातेली, तांदूळ, तुरीची डाळ असं सगळं घेऊन आले. व्हरांड्यात त्यांनी ते मांडलं. आईनं माझ्याकडे न बघता तांदूळ धुवायला घेतले.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. एरवी ते निभावून जायचं. आईबाबा यायचे ते जेवून यायचे, आणि चहाची वेळ व्हायच्या आत त्यांना बस आठवायची. पाहुणा दोन तासांत उठला की त्याची रीतही त्याच्याबरोबर उठून जाते. आता मात्र ती आमच्याकडे मुक्कामाला आली होती. घरात दोन चुली झाल्या, आणि दुसरी का, हे कॉलनीतल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या घरी तीच रीत.

बाबांनी त्यातही कायदेपंडितासारख्या वाटा काढल्या होत्या. पाणी चालायचं, कारण कॉलनीचा नळ सरकारी, जावयाचा नाही. वीज चालायची. माझ्या हातचं लिंबू-मीठही चालायचं नाही. आणि शेजारच्या काकूंनी बोलावलं की त्यांच्याकडे जाऊन पोहे खाणं मात्र बिनदिक्कत चालायचं. काकू माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाबांनी पोहे अगदी आवडीनं खाल्ले वं." त्यांच्या मनात काही नव्हतं. मी हसले आणि आत जाऊन उगीचच ओटा घासत बसले. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्यांच्या दारावरून गेले नाही.

 नवरा स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवायला लागला. व्हरांड्यात सासरे स्वतःच्या डाळभाताला बसलेले असताना आपण पाटावर बसून कसं जेवायचं, हे त्याला उमगत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची, बाबांची वाटायची, आणि सगळ्यात जास्त माझी. ज्या गोष्टीची मी डॉक्टरकडे, सणावारी, बारशांत सवय करून घेतली होती, ती आता माझ्याच व्हरांड्यात दोन वेळा शिजत होती.

बाबा रोज सकाळी बसनं घरी जायचे. चिखल काढायचा, भिंती धुवायच्या, दारं उन्हात वाळवायची. आईचे गुडघे धरलेले, ती कोराडीलाच थांबायची आणि त्यांना डबा द्यायची. एका रविवारी ते डबा विसरून गेले. आई म्हणाली, तू नेऊन दे. मी निघाले.

घराला कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालयात कुणीतरी पूरग्रस्तांसाठी खिचडी ठेवली होती आणि बाहेर रांग लागली होती. रांगेत बाबा उभे होते. बाबांनी सारी हयात गांधीबागेत कपड्याच्या दुकानात काढली. कापड नुसतं चिमटीत धरून ते त्याचा पोत सांगायचे, आणि इस्त्री नसलेला शर्ट घालून कधी भाजीलाही गेले नाहीत. त्यांचे सगळे शर्ट चिखलात गेले होते. जावयाचा शर्ट त्यांना चालत नव्हता, त्यामुळे अंगात कुणीतरी वाटलेला टी-शर्ट होता, पाठीवर कुठल्याशा कोचिंग क्लासची जाहिरात. हातात कागदी ताटली.

मला राग आला, आणि रागाच्या आधी मान खाली गेली. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातलं एखादं पोर तिथं असतं तर, हाच पहिला विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. मग वाटलं, अनोळखी माणसाच्या कढईतलं यांना चालतं, फक्त माझ्या पातेल्यातलं चालत नाही.

त्यांनी खिचडी घेतली आणि वळले, तर समोर मी. त्यांनी ताटली पाठीमागं न्यायचा प्रयत्न केला. ताटली लवलवली, थोडी खिचडी खाली सांडली. आम्ही दोघं कार्यालयाच्या ओट्यावर बसलो. डबा माझ्या मांडीवर तसाच. मी त्यांना विचारलं, जे मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

"बाबा, मले मूल नाही म्हणून माझं घर तुम्हाले घर वाटत नाही का?"

ते खिचडीतले शेंगदाणे बाजूला करत राहिले.

"तसं नाही वं पोरी," ते म्हणाले. "मी जेवलो तर त्याचा अर्थ काय होते? बापानं वाट पाहणं सोडलं, असा होते. मले नाही सोडायची."

मला वाटत आलं होतं की ते मला शिक्षा करत आहेत. ते तर माझ्यासाठी व्रत धरून होते, आणि मला हेही ठाऊक होतं की त्या व्रताला आता काही अर्थ उरला नव्हता. आम्ही उपचार मागच्या उन्हाळ्यातच थांबवले होते. आईचे माझ्यासाठी धरलेले सोमवार चालू होते, म्हणून तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि तिला नाही म्हणून बाबांनाही नाही.

"सोडा बाबा," मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगतलं आता होणार नाही. आम्ही सोडली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाकायचं नाही म्हणून ताटलीतली खिचडी संपवली, नळावर हात धुतले, आणि म्हणाले, चल. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि कोराडी येईपर्यंत बाहेर बघत राहिले.  आपण त्यांच्याकडून काय काढून घेतलं हे मला नीट कळत होतं, आणि घर गेलेल्या माणसाकडून ते काढून घेतल्याची शरम वाटत होती.

संध्याकाळी मी वांग्याची भाजी केली, पोळ्या केल्या, वरणाला फोडणी दिली. व्हरांड्यात आईचा भात चढलेला होता. बाबांनी हातपाय धुतले, स्वयंपाकघरात आले आणि भिंतीशी पाट ओढून बसले.

"मले वाढ," ते मला म्हणाले.

नवरा ओट्याजवळ उभा होता. तो ताट घेऊन त्यांच्या शेजारी खाली बसला. मी वाढलं. तूप पोळीच्या बाहेर पडलं. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

आई दारात आली. तिच्या हातात पळी होती. तिनं बाबांच्या ताटाकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते मान वर करेनात. लग्न झाल्यापासून मला हाच घास हवा होता. तो आता माझ्या डोळ्यांसमोर ते चावत होते, आणि मला आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे आता नाहीच का वं?" आईनं विचारलं.

मी मान डोलावली. ती परत व्हरांड्यात गेली, शेगडी बंद केली, आणि अर्ध्या शिजलेल्या भाताजवळ तशीच बसून राहिली.